छायाचित्राची किनार



आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला. मी सातवी इयत्तेपर्यंत शिकलेली, घर आणि मुलेबाळे सांभाळणारी बाई. लेख लिहिणे माझे काम नव्हे. परंतु स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करण्याची कामगिरी माझ्याकडे होती, आणि तिच्यात असा एक प्रसंग घडला की, फोटोच्या किनारीचा इतिहास शोधून काढावा, असे मला वाटू लागले. मुलाच्या मोबाईलवर वाचले, दोन जुन्या फोटोवाल्यांना विचारले, घरातल्या पेट्या उपसल्या. जे कळले ते सांगते.

प्रथम प्रसंग सांगते. मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाचा एक फोटो आहे. चारजणी सतरंजीवर बसलेल्या, मागे सातजणी उभ्या. त्याच वर्षी मी लग्न होऊन हिंगोलीस आले होते. फोटो काढायच्या वेळी आमच्या आत्याबाईंनी मला दंडाला धरून मधोमध बसविले. “नवी सून आहे, तिला मधी बसू द्या,” म्हणाल्या आणि आपण मागच्या रांगेत उजव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने काही तरी विनोद केला असावा, कारण त्या मनापासून हसताना दिसतात. आत्याबाई आता नाहीत. त्यांचा भिंतीवरचा फोटो आधारकार्डावरून मोठा केलेला, त्यात चेहरा गंभीर. हसऱ्या आत्याबाई फक्त या एका फोटोत आहेत.

तो फोटो “जरा छान बॉर्डर टाकून द्या” असे सांगून मी एका दुकानात दिला. दुसऱ्या दिवशी फोटो आला. भोवती सोनेरी वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत गुलाब, वर मंगल कलश. पाहणाऱ्या सगळ्याजणी खूष झाल्या. मी मात्र बायका मोजल्या, तर अकराच्या नऊ भरल्या! डाव्या टोकाची बाई वेलीखाली गेली होती आणि उजव्या टोकाच्या आत्याबाईंचा नुसता पदराचा काठ गुलाबाआडून डोकावत होता. दुकानदार म्हणाला, “ताई, बॉर्डर टाकली की कडेचं थोडं जाणारच.” त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी येताना मात्र मनात सारखे येत राहिले की, किनार म्हणजे शोभा. लुगड्याला काठ असतात म्हणून अंगाचे कापड कधी कमी होते काय? मग फोटोलाच असे का व्हावे?

शोधता शोधता कळले की, पूर्वी असे नव्हते. किनारीची रीत फोटोहून कितीतरी जुनी आहे. हाताने लिहिलेल्या पोथ्या आपल्यापैकी काहींच्या घरी अजून देवाजवळ असतील. त्यांच्या पानांना दोन्ही बाजूंस उभ्या रेघा ओढून समास सोडलेला असतो. या रेघा पुष्कळदा हिंगुळाच्या तांबड्या शाईच्या असतात. समास सोडण्याचे कारण अगदी साधे. पान हाताळताना बोटे लागतात ती कोऱ्या जागेला लागावीत, कड झिजली तरी अक्षर झिजू नये. शिवाय लिहिताना एखादा शब्द सुटला, तर तो त्याच समासात लिहीत. म्हणजे किनार ही मजकुराची राखणही करी आणि सुटलेल्याला जागाही देई.

निजामी अमदानीत आपल्याकडे कचेरीचे कागद उर्दूत असत. त्या भाषेत समासाला हाशिया म्हणतात. मोगल बादशहांच्या चित्रसंग्रहांत या हाशियाला फार मोठा मान होता. एक चित्र घ्यावयाचे, मोठ्या कागदावर मधोमध चिकटवावयाचे आणि भोवतीच्या रुंद समासात सोन्याच्या रंगाने फुले, पाने, पक्षी काढावयाचे, अशी रीत होती. जहांगीर बादशहाच्या एका संग्रहात तर समासामध्ये चित्रकार आपापल्या कामाला बसलेले रंगविले आहेत. ज्यांनी चित्रे काढली, त्यांना किनारीत जागा मिळाली. किनारीने कोणाला झाकले नाही, उलट जे एरवी दिसले नसते त्यांना दाखविले.

मग फोटो आला. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उमटे. ते इतके नाजूक असे की, बोट लागले तरी पुसले जाई. म्हणून त्यावर पितळेची पातळ चौकट, तिच्यावर काच, आणि सगळे मिळून मखमलीच्या डबीत बसवीत. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये ती पितळेची चौकट. फोटोची ही पहिली किनार गरजेपोटी आली आणि मग तिच्यावर नक्षी झाली.

आपल्या मुलखात ही विद्या लवकर पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या गृहस्थांनी लहान कार्डावर फोटो चिकटविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असे ते कार्ड असे. त्या काळचा फोटोचा कागद फार पातळ. तो गुंडाळला जाई, म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटविणे भाग होते. पुठ्ठा फोटोहून थोडा मोठा ठेवीत, आणि त्या मोकळ्या कडेवर स्टुडिओचे नाव व गाव छापीत. पुढे पुढे या पुठ्ठ्यांच्या कडांना सोनेरी मुलामा देऊ लागले. फोटोतल्या माणसाचे नाव आणि साल घरातले कोणी तरी शाईने त्याच पुठ्ठ्यावर किंवा पाठीवर लिहून ठेवी. आज शंभर सव्वाशे वर्षांनी एखाद्या जुन्या फोटोतली बाई कोण, हे कळते ते बहुधा याच कडेवरच्या अक्षरांमुळे.

आपली हिंगोली त्या काळी निजामाच्या राज्यात होती आणि येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे नाव सर्व हिंदुस्थानात गाजलेले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेस खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या स्त्रिया पुरुषापुढे फोटोला बसत नसत. म्हणून त्या स्टुडिओचा कारभार केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे दिला होता. स्त्रियांचे फोटो स्त्रियांनीच काढावयाचे! आमच्या आज्यापणज्यांना फोटो म्हणजे आयुष्य कमी करणारी गोष्ट वाटे, असे आपण ऐकत आलो. त्याच राज्यात, त्याच काळात हेही घडत होते. अर्थात तेथे जाणाऱ्या सरदार-नबाबांच्या घरच्या. बाकीच्या बायका फोटोत आल्या त्या घरातल्या पुरुषांच्या मागे किंवा बाजूला, पदर डोक्यावरून पुढे ओढून. म्हणूनच जुन्या कौटुंबिक फोटोंत बाया बहुधा कडेला सापडतात, आणि फोटोची कड गेली की प्रथम त्याच जातात.

किनारीच्या इतिहासात आपल्या बायकांचा स्वतःचा हातही आहे, आणि तो सांगताना मला अभिमान वाटतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस गिरगावात चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. घरातल्या बायकांनी ती चित्रे तशीच ठेवली नाहीत. देवीच्या लुगड्यावर खरे कापड चिकटविले, जर लावली, टिकल्या व मणी शिवले आणि मग काच बसविली. अशी सजविलेली चित्रे आज संग्रहालयांतून जपून ठेवलेली आहेत. पण पाहा, देवीचा चेहरा, हात, पाय यांना कोणी टिकली लावली नाही. सजावट कुठवर न्यावी, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

आमच्या माहेरी औंढ्याच्या यात्रेतून आणलेली नागनाथाची तसबीर होती. तिला काचेच्या आतून पुठ्ठ्याची पांढरी चौकट होती. लहानपणी ती मला उगीचच वाटे. जुन्या फ्रेमवाल्यांनी आता समजावून सांगितले की, या चौकटीला माउंट म्हणतात, आणि पावसाळ्यात फोटो काचेला चिकटून खराब होऊ नये, म्हणून ती घालतात. लाकडी फ्रेमची आतली खाच चहूबाजूंनी थोडी थोडी कड झाकतेच. माउंट असला तर ती खाच माउंटला झाकते, फोटोला नाही.

कागदावर मोठे फोटो छापण्याची सोय झाली, तेव्हा पांढरी किनार आली. अंधाऱ्या खोलीत कागद सपाट राहावा, म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्यांची चौकट ठेवीत. पट्ट्यांखालच्या कागदावर उजेड पडत नसे, म्हणून तेवढी कड पांढरी राही. तीच फोटोची किनार झाली. पुढे ती कड खास कातरयंत्राने नागमोडी कापण्याची हौस आली. १९५०-६० च्या सुमारास काढलेले काळेपांढरे फोटो कोणाच्या पेटीत असतील तर पाहा, शंकरपाळ्याच्या कडेसारखी कातरलेली कड दिसेल. हे फोटो काळ्या जाड पानांच्या अल्बममध्ये कागदी कोपऱ्यांत बसवीत, मध्ये पातळ बटरपेपर असे. ओल आली, वाळवी लागली, तर प्रथम किनार खराब होई आणि माणसे वाचत. आत्याबाईंच्या माहेरचा असाच एक फोटो आमच्याकडे आहे. त्याची किनार तीन बाजूंनी कुरतडली गेली आहे, पण आतली सर्व माणसे जशीच्या तशी आहेत.

मग रंगीत फोटोंची यंत्रे आली आणि फोटो कडेपर्यंत भरलेले, बिनकिनारीचे येऊ लागले. किनारीची हौस मात्र गेली नाही, ती फोटोच्या आत शिरली. माझ्या लग्नाच्या अल्बमात एक फोटो बदामाच्या आकारात आहे. बदामात आम्ही नवरानवरी, भोवती फुले. माझे वडील तेथे माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा नुसता खांदा बदामात राहिला. त्या वेळी आम्हां सर्वांना तो फोटो फार आवडला होता. वडील गेल्यावर मी तो अल्बम पाहिला, तेव्हा त्या फोटोपाशी थांबले.

आता संगणकाची गोष्ट. १९७५ साली अमेरिकेत कोडक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरांनी फिल्म न लागणारा पहिला कॅमेरा तयार केला. वजन सुमारे साडेतीन किलो, आणि एक काळेपांढरे चित्र टेपवर उतरायला तेवीस सेकंद लागत. चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची मांडणी, अगदी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. उभे शंभर आणि आडवे शंभर, एवढेच ठिपके त्यात होते. आजच्या साध्या मोबाईलच्या फोटोत लाखो ठिपके असतात. १९९० साली ॲडोबी कंपनीचे फोटोशॉप बाजारात आले. १९९४ साली त्यात थर ठेवण्याची सोय झाली, म्हणजे खाली फोटो आणि वर पारदर्शक काचेसारखा दुसरा थर. १९९६ साली गिंप नावाचे तसेच साधन लोकांसाठी खुले झाले. ते फुकट मिळते आणि कोणालाही वापरता येते.

हे थर आले आणि तयार किनारींचा सुकाळ झाला. मधोमध पारदर्शक खिडकी असलेली वेलबुट्टी तयारच मिळते. दुकानदार ती उघडतो, खाली फोटो सरकवितो, झाले. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स असोत की मोबाईलवरच्या सणाच्या शुभेच्छा, सर्वांची कृती हीच. तोटा होतो तो या ठिकाणी. खिडकीचा आकार ठरलेला, आपला फोटो निराळ्या आकाराचा. सहा बाय चारचा फोटो चौकोनी खिडकीत बसवायचा तर दोन्ही बाजूंची माणसे वेलीखाली जाणारच. माझ्या फोटोचे नेमके हेच झाले होते. काठ फोटोच्या बाहेर जोडायच्या ऐवजी फोटोवर पांघरला गेला होता.

उपाय फार सोपा निघाला. तो माझ्या मुलाने मला दाखविला आणि मी आता स्वतः करते, म्हणून सांगते. फोटोशॉपमध्ये आणि गिंपमध्येही “कॅनव्हास साइझ” नावाची सोय आहे. कॅनव्हास म्हणजे फोटोखालचा कागद. फोटोला हात न लावता नुसता हा कागद मोठा करता येतो. आपला सहा बाय चार इंचांचा फोटो एका इंचात तीनशे ठिपके या हिशेबाने अठराशे बाय बाराशे ठिपक्यांचा होतो. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच, म्हणजे दीडशे दीडशे ठिपके वाढविले की, कागद एकवीसशे बाय पंधराशे ठिपक्यांचा झाला. छापला की बरोबर सात बाय पाच इंच, आणि त्या मापाचा कागद लॅबमध्ये नेहमी मिळतो. फोटो मधोमध ठेवावयाचा आणि नव्या रिकाम्या जागेत रंग भरा, वेल काढा, गुलाब ठेवा, काय हौस असेल ती करा. आतले एकही माणूस हलत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. मूळ फोटो वेगळा जपावा आणि किनार लावलेला दुसऱ्या नावाने ठेवावा, कारण जेपेग जातीचा फोटो बदल करून पुन्हा पुन्हा साठविला की दर वेळी थोडा थोडा बिघडतो. आणि ज्या किनारीत कड धुरकट होत जाते, ती किनार बाहेर वाढत नाही, फोटोच्याच कडेवर पसरते. कडेला माणसे उभी असतील तेथे ती वापरू नये. दुकानात देतानाही “बॉर्डर टाका” एवढेच न म्हणता “कागद वाढवून बाहेरून बॉर्डर टाका” असे सांगावे. मी तसे सांगितल्यावर त्याच दुकानदाराने मोठ्या आनंदाने दुसऱ्यांदा काम करून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

मूळ फोटो पुन्हा स्कॅन करण्यासाठी अल्बममधून काढला, तेव्हा त्याची पाठ प्रथमच पाहिली. तेथे मंडळाच्या त्या वेळच्या चिटणीसबाईंनी निळ्या शाईने ओळीने नावे लिहून ठेविली होती. पुढची बाजू आपण किती वेळा पाहिली, ती उलटून पाहावी असे पंचवीस वर्षांत कोणालाच सुचले नाही. मग मी ठरविले की, नव्या किनारीवर वेलबुट्टी नको. साधी मोतिया रंगाची किनार असावी आणि तिच्यावर खाली सर्वांची नावे व साल असावे. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापलेला फोटो तोच आहे. त्यात आत्याबाई उजव्या टोकाला पूर्ण उभ्या आहेत, हसत आहेत. त्यांचे नाव छापले आहे, ते त्यांचे स्वतःचे. गल्लीत त्यांना सारे “अमक्याची आई” म्हणूनच ओळखीत. किनारीवर नाव वाचून माझ्या नातीने, म्हणजे जाऊबाईंच्या नातीने, विचारले, “ह्या कोण?” तिला पणजीचे नाव ठाऊक नव्हते.

अकरापैकी दहा नावे लागली. अकरावे लागले नाही. डाव्या टोकाला गुलबक्षी लुगड्यातली, हातात पितळी तांब्या घेतलेली जी बाई उभी आहे, तिच्या नावाची शाई ओलीने पसरून गेली आहे. कोणी म्हणते, त्या वर्षी आपल्या गल्लीत भाड्याने राहिलेल्यांची ती थोरली जाऊ. कोणी म्हणते, कयाधूच्या पलीकडून दूध घालायला येणारी, तिलाही हाताला धरून फोटोत उभे केले होते. मी सात घरे हिंडले, खात्रीने कोणी सांगेना. पहिल्या बॉर्डरखाली ती पूर्ण झाकली गेली होती, तेव्हा तिची कोणाला आठवणही झाली नव्हती. आता ती दिसते आहे म्हणून सगळ्या विचारीत आहेत.

किनारीवर तिच्या खाली मी जागा कोरी ठेविली आहे. आपल्यापैकी कोणा भगिनीला, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना ती ओळखू आली, तर मंगळवारच्या बैठकीत मला जरूर सांगावे. मंडळाच्या खोलीत लावायच्या प्रतीवर ते नाव मी माझ्या हाताने लिहीन.